मदत कसली?

आरोग्यसेविकेने बाइंडिंगच्या दुकानात स्टुलावर बसून मोबाइल काढला, तेव्हा सूनबाईने हातातलं काम बाजूला ठेवलं. प्रश्नांची उत्तरं घेऊन मोबाइलने सासऱ्यांना लाल, म्हणजे धोक्यातलं, ठरवलं, तर उद्याच डॉक्टर तपासणार होते. हिरवं ठरवलं, तर सहा महिने कुणी विचारणार नव्हतं. आणि म्हातारा तीन आठवडे भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपत होता. पाय सुजून टम्म. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

"आजोबा, कुणाच्या मदतीशिवाय कपडे घालता?"

"घालतो की."

"जिना चढता?"

"रोज. खाली दुकान, वर घर. चढणार नाही तर काय उडणार?"

"चढताना धाप लागते?"

"छे! सावकाश चढतो आपला."

सूनबाई खळीच्या डब्याजवळ उभी राहून ओठ चावत होती. सदऱ्याची बाही मुलगा चढवतो, चपला नात पायाशी ठेवते, जिन्यावर तिचा स्वतःचा तळहात त्यांच्या पाठीला असतो. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं. घरच्यांनी हात लावला तर त्याला मदत म्हणतात, हे त्याच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. प्रश्न लिहिणाऱ्या शहाण्याने एकेकट्या माणसांचीच घरं पाहिली असावीत. पण परक्या बाईसमोर सासऱ्यांचा शब्द खोडायचा कसा?

मोबाइल हिरवा झाला.

"छान! धोका कमी," सेविका म्हणाली.

"बघितलंस?" म्हातारा सुनेकडे वळून म्हणाला. "यंत्राला कळतं, तुलाच कळत नाही."

सेविका उठली. आता गेली तर गेलीच. सूनबाई पटकन म्हणाली, "ताई, वर चला, पाणी तरी घ्या. बाबा, तुम्ही पुढे व्हा."

आणि ती खालीच थांबली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून.

म्हातारा चढू लागला. एक पायरी. दुसरी. तिसरीवर त्याने कठडा धरला. चौथीवर त्याचा डावा हात मागे आला आणि हवेत काहीतरी चाचपू लागला.

"सूनबाई?"

तिने पाठीमागची बोटं आणखी आवळली. तिचा जीव तीळतीळ तुटत होता. पडले तर? आपणच पाडलं असं होईल. म्हाताऱ्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तशी ती धावली आणि पाठीला हात लावला. सदरा घामाने चिंब होता.

सेविका जिन्याखाली थिजून उभी होती. तिने विचारलं, "आजोबा, ही रोज असं धरते?"

"धरते कुठे?" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "मागे असते. सून आहे माझी. मदत कसली?"

सेविका खालच्या पायरीवर बसली. तिने एकेक प्रश्न पुन्हा उघडला, या वेळी सुनेला विचारून उत्तरं बदलली. मोबाइल लाल झाला.

"उद्या नऊला दवाखान्यात या. उशीर करू नका."

जे हवं होतं ते मिळालं. पण तो लाल रंग सूनबाईला बघवेना. इतके दिवस आपली शंका खोटी ठरावी, असंच तिला आतून वाटत होतं. ती मटकन पायरीवर बसली.

"ऊठ पोरी," म्हाताऱ्याने वाकून हात पुढे केला. "आणि ताई, हे मदत म्हणून लिहू नका हं."

तिने तो हात धरला. थंडगार होता.