वारं लागू नये म्हणून

माझ्या सासूचा, भामाबाईचा, हात लई गुणाचा, असं आमचं अख्खं कडा गाव सांगतं. चाळीस वर्षं तिनं गावातल्या बाळंतिणी सांभाळल्या. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हा तिचा कायदा. खोलीची फट न् फट चिंध्यांनी बुजवायची, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि दार ओढून घ्यायचं.

मलाही तिनं असंच उबेत ठेवलं होतं. दवाखान्यातून आले आणि आठव्या दिवशी माझं बाळ गेलं. सकाळी जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं, ओकाऱ्या येत होत्या, खिडकी सताड उघडी होती आणि बाळ कुशीत गार पडलं होतं. सासूनं दारातूनच सगळ्यांना सांगितलं की पोरीनं झोपेत अंगाखाली घेतलं. गावानं मानलं. माझ्या नवऱ्यानं, शहादेवनं मानलं. आणि मी तर सगळ्यांच्या आधी मानलं. त्यानंतर तीन वर्षं मी कुणाचं लेकरू मांडीवर घेतलं नाही.

मग मी कोंबड्यांची पिल्लं काढायला लागले. अंडी उबवायची पेटी होती, हाताला काम होतं. यंदा निफाडच्या वासिफभाईंनी चाळीस पिल्लं मागितली. ऐन थंडीत रात्रभराचा एसटीचा प्रवास. त्यांनी आधी गरम होणाऱ्या पुड्या पाठवल्या आणि फोनवर समजावलं: पुडी फोडून हलवायची, खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवायची, बाजूंना भोकं पाडायची. चाळीसच्या चाळीस जिवंत पोचली तर माझ्या हाताला जीव टिकतो, एवढं मला माझं मलाच दाखवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

खोकं भरून झाकण लावलं आणि मी रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत गेले. आले तेव्हा सासूनं खोक्यावर गोणपाटाचं जुनं चवाळं गुंडाळून सुतळीनं आवळलं होतं. म्हणाली, गाडीत पोती आदळतात, सांभाळून ने. मला बरंच वाटलं. म्हातारीला पहिल्यांदाच माझ्या कामाची माया आली, असं वाटलं. मूर्ख मी.

खोकं तसंच रात्रीच्या एसटीत चढवलं. दुसऱ्या दिवशी वासिफभाईंनी फोटो पाठवला. चाळीसही मेलेली, चोची उघड्या. आणि चवाळ्याखालच्या एकेका भोकात नीट खुपसलेली हिरव्या लुगड्याची चिंधी. तसल्याच चिंध्या माझ्या त्या खोलीच्या फटींत होत्या. बाळंतपणाच्या बारा दिवसांसाठी म्हणून तिनं माझ्यासमोर फाडल्या होत्या.

वासिफभाई रागावले नाहीत. उलट हळू आवाजात बोलले.

"ताई, या पुडीत लोखंडाची भुकटी असते. हवा खाल्ल्याशिवाय ती तापत नाही. भोकं बुजवली की खोक्यातली सगळी हवा तीच खाऊन टाकते. बंद खोलीत शेगडी ठेवली की माणसं मरतात ना, तसंच झालं."

मी फोन ठेवला. चुलीपुढं सासू भाकरी थापत होती. तिच्या तोंडापुढं फोटो धरला आणि विचारलं की त्या सकाळी खिडकी कुणी उघडली होती. तिचा हात परातीत थांबला.

"मीच," ती म्हणाली. "चिंध्या बी मीच काढल्या. दार उघडलं तवाच समजलं मला."

"मग माझं नाव काहून घेतलं, आत्या?"

"माझं घेतलं असतं तर कुणी उंबऱ्यात उभं केलं असतं का मला? तू काय, तरुण. तुला दुसरं व्हईल, म्हनलं."

झालं नाही. हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं भाकरी उलटली, करपू दिली नाही.

मी शहादेवला सांगितलं. तो म्हणाला की आता म्हातारीच्या मागं कशाला लागतेस. गावात मी अजूनही लेकरू चिरडणारी आहे, आणि तिचा हात अजूनही गुणाचा आहे.

यंदा थंडी जबर आहे. सासूला दमा झालाय, उठवत नाही. मी तिची बाज त्याच खोलीत टाकली आहे. सेवेत कसूर नाही, शेजारणी माझी तारीफ करतात. दिवेलागणीला मी निखारे फुलवून शेगडी बाजेखाली सरकवते. मग हिरव्या चिंध्या हातात घेऊन उशाशी उभी राहते आणि रोज तेच विचारते.

"आत्या, वारं लागतंय का? फटी बुजवू?"

ती मान हलवते. नको, नको म्हणते. मग मी खिडकी सताड उघडते आणि ती थंडीनं कुडकुडत असताना चिंध्यांची नीट घडी करून तिच्या उशाखाली ठेवते.