मिठाचं पाणी

मार्गशीर्षातलं मलूल, पीतवर्ण ऊन शवागाराच्या दगडी उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच थबकलं. आत जायला उन्हालाही धीर होत नसावा.

आत भिकाजी होता. बावीस वर्षं मृतांची अंतिम सेवा करणारा, अबोल, स्थिरहस्त भिकाजी. डॉक्टरांनी काढून दिलेलं जठर, यकृत, मूत्रपिंड तो काचेच्या बरण्यांत अलगद ठेवी, वर मिठाचं पाणी ओती, झाकणावर तांबडी लाख ओघळू देई. ते पाणी तो स्वतःच करी. मीठ विरघळायचं थांबून तळाशी पांढरं बसलं, की पाणी झालं.

आज टेबलावर वैजंता होती. एकवीस वर्षांची, निळ्या ओठांची, हातात अजून हिरवा चुडा. छातीत कळ आली, असं सासरचे सांगत होते. बाहेर कडुलिंबाखाली तिची आई गोदाबाई सकाळपासून बसून होती.

"भाऊ, इख घातलंय माझ्या लेकीला. निघंल न्हवं बरणीतनं?"

"निघंल, माय. मिठात ठेवलेलं खरं नासत न्हाई."

दुपारी हवालदार तिच्या बरण्यांची लाखबंद पेटी घेऊन प्रयोगशाळेकडे गेला. सासरच्यांनी वैजंताला नेलं. नदीकाठी धूर उठला, करडा, संथ, उदासीन धूर.

ऊन कलतं झालं. आवराआवर करताना भिकाजीनं मिठाच्या पाण्याचा कॅन उचलला. तो जड लागला. सकाळी भरलेला, तसाच काठोकाठ होता. शेजारचा फॉर्मॅलिनचा कॅन अर्धा झाला होता. फरशी धुताना कुणीतरी दोन्हींच्या जागा बदलल्या होत्या, आणि हात सवयीनं डावीकडे गेला होता. दोन्ही पाणी सारखंच निर्मळ. फॉर्मॅलिनचा उग्र दर्प एखाद्याला दारातच कळला असता, पण त्याच दर्पानं भिकाजीचं नाक कधीच मारून टाकलं होतं. फॉर्मॅलिन मांस राखतं, विषाचा माग मात्र पुसून टाकतं, हे त्याला ठाऊक होतं.

तो उंबऱ्यावर आला. गोदाबाई अजून कडुलिंबाखालीच होती.

"माय, चुकलं माझं. मिठात न्हाई ठेवलं. आता त्यातनं इख कळायचं न्हाई."

गोदाबाई हळूच, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "मग पुन्हा घ्या की, भाऊ, थोडं तिच्यातलं."

भिकाजीनं नदीकडे पाहिलं. धूर विरळ झाला, अधिक विरळ झाला, सांजावल्या आभाळात विरून गेला. आत कॅनच्या तळाशी मीठ बसून होतं, पांढरं, न विरघळलेलं.