तीन काट्यांची नावं

अडत्याच्या दुकानात चोर ठरवायला पंचनामा लागत नाही, कॉम्प्युटरवर बसलेली एक पोरगी पुरते. कळमन्याच्या मिरची बाजारात जितेंद्रशेठच्या अडतीवर ती पोरगी होती रीना. त्या सकाळी उमरेडकडच्या दादाजींची दोन पोती पहिल्या काट्यावर चढली. काट्यावर आकडा आला चौऱ्याऐंशी आणि रीनाच्या कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघाली एकसष्टची. दादाजी खवळले. दुसऱ्या काट्यावर ज्याला तेवीस किलो फुकट मिळाले होते, तो मात्र चिठ्ठी खिशात घालून साळसूदपणे उभा होता.

शेठने शहानिशा केलीच नाही. सगळ्यांदेखत तिला चोर म्हटलं, आकडे हाताने बदलल्याचं लिहून दे आणि घरी जा म्हणून सांगितलं. हाताने आकडा भरायची सोयच त्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती, पण ऐकतो कोण? चार वर्षांत एक चूक नाही, आणि आज चोर! रीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तसं लिहून दिलं असतं तर कळमन्यात तिला पुन्हा कुणी दारातही उभं केलं नसतं.

"मी लिहून देत नाही," ती म्हणाली. "पहिले हे काहून झालं ते पाहू तर द्या."

तिन्ही काट्यांच्या वायरी कॉम्प्युटरमागे यूएसबीत खोचलेल्या. प्रत्येकीला कॉम्प्युटर एक नाव देतो: कॉम तीन, कॉम चार, कॉम पाच. पहिला काटा म्हणजे कॉम तीन, दुसरा म्हणजे कॉम चार, असं रीनानेच भरून ठेवलं होतं. तिने नावांची यादी उघडली, पडदा लोकांकडे फिरवला आणि पहिल्या काट्याची वायर उपटली. यादीतून गेलं कॉम चार. ती परत खोचून दुसऱ्याची उपटली, तर कॉम तीन गायब.

तरी लोकांच्या कपाळावर आठ्याच. मग वायर लावून, चपला काढून रीना सरळ पहिल्या काट्यावर चढली. एवढ्या पुरुषांसमोर स्वतःचं वजन! पण आता तिला कशाचीच लाज उरली नव्हती. काट्यावर आलं चौपन्न. पडद्यावरही चौपन्नच आलं, पण दुसऱ्या काट्याच्या रकान्यात.

वायरींना कुणी हात लावला होता, असं दादाजींनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा मुनीम ताराचंदकडे वळल्या. दर अमावस्येला तो काटे पुसून त्यांना हळदकुंकू वाहायचा, पण वायरी काढायची-लावायची रीना. काल अमावस्येला बाजार बंद होता; पूजेसाठी ती यायच्या आतच त्याने सगळ्या ओढून काढल्या आणि पूजेनंतर दिसेल त्या भोकात खोचल्या. नाव वायरीसोबत फिरतं, अशी बिचाऱ्याची समजूत. कॉम्प्युटरने ते भोकाला दिलेलं असतं.

झालं गेलं विसर, माल खोळंबला, काम सुरू कर, असं शेठ पुटपुटला. रीनाने तिन्ही वायरी काढून मुठीत धरल्या.

"चोर म्हणाले ते सगळ्यायनं ऐकलं, शेठजी. चोर नाही, हे बी सगळ्यायले सांगा. तोवर काटा चालू होत नाही."

शेठने दादाजींकडे पाहिलं. दादाजी आपल्या पोत्यावर मांडी घालून बसले. त्यांच्यामागे आणखी चौघे बसले. शेवटी शेठ मान खाली घालून, पोरीने काही चोरलं नाही, असं म्हणाला.

"मागच्यायले ऐकू नाही गेलं, शेठजी," रीना म्हणाली.