पश्चिम खानदेशची वही

जीवरामभाऊंनी साहेबांच्या टेबलावरचं ब्लेड उचललं आणि सरळ खिशात टाकलं.

"अहो, हे काय?" वाटपाचं काम बघायला आलेले तरुण साहेब चमकले.

"वही कापायची नाही."

जुलैत धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि तेव्हापासून धुळ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये या वाटपानं नुसता उच्छाद मांडला होता. लाल रुमालांत बांधलेली दप्तरं सोडा, तालुके वेगळे करा, पुन्हा बांधा. सव्वीस वर्षं हे रुमाल जपलेल्या जीवरामभाऊंनी दातओठ खात तेही केलं. पण आता वतनाच्या जमिनींची ही जुनी नोंदवही! तिच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत 'पश्चिम खानदेश' छापलेलं होतं, आणि आतली गावं तालुकावार नाही, अक्षरवार लावलेली होती.

"हे पान बघा. पुढे तिकडच्या शहाद्याचं गाव, मागे आपल्या साक्रीचं. कागद सोलून काढू?"

"मागच्या बाजूची झेरॉक्स ठेवा."

"झेरॉक्सवरून खरी नक्कल देता येत नाही, साहेब."

"भाऊ, आदेश आहे. नंदुरबारच्या गावांची मूळ पानं तिकडे गेलीच पाहिजेत. दुपारी गाडी निघतेय."

दारात केसरबाई उभी होती. बापाच्या वतनाच्या नोंदीची नक्कल मिळाली नाही तर जमिनीवरचा हक्क जाणार, म्हणून शहाद्याकडून तिसऱ्यांदा आली होती. वाटप होईपर्यंत नकला बंद, मग नंदुरबारलाच मागा, असं सांगून जीवरामभाऊंनीच तिला दोनदा परत पाठवलं होतं.

"भाऊ, तठे म्हंतस धुयाले जा, आठे म्हंतस तठे जा," ती वैतागून म्हणाली. "मना बाप मरी गया, पन त्यानं नाव ते एकच वहीमा शे ना?"

सगळ्यांचाच राग आला होता जीवरामभाऊंना. आता स्वतःचाही आला. त्यांनी लाल रुमाल पसरला, वही मधोमध ठेवली आणि चारी टोकं ओढून गाठ मारली.

"सगळीच पाठवा."

"अख्खी? आत्ता तर तुम्हीच द्यायला तयार नव्हता!"

"कापायला तयार नव्हतो."

"मग आपल्या गावांनी काय करायचं?"

"नंदुरबारला जायचं. आजवर ते येतच होते की इथं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, यादीवर खूण केली आणि पुढच्या कपाटाकडे वळले.

"मंग आते तठेच जाऊ ना?" केसरबाईनं विचारलं.

"तिथंच, अक्का. आता कुणी परत नाही पाठवणार."

"आनि तुमी?"

"मी इथंच."

शिपाई रुमाल उचलायला पुढे झाला.

"थांब रे, गाठ नीट बसली नाही," जीवरामभाऊ म्हणाले, आणि घट्ट बसलेली गाठ त्यांनी पुन्हा सोडायला घेतली.