झुळूक नको

पायऱ्या कोरड्या होत्या, तरी डॉक्टर भिंतीला हात लावून उतरला. उतरता उतरता रस्ता त्याच्या खांद्यांवर आला, मग डोक्याच्याही वर गेला. खालच्या खोलीला छताशी एक आडवी काच होती आणि तिच्यातून दिसणारी माणसं नुसती पावलांची उरली होती.

भीती तो दवाखान्यातूनच बरोबर घेऊन आला होता. रुग्णालयाच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या ताईंची डोकेदुखी वाढत चालली होती, आणि ती वाढवणारा आपणच असू, असं त्याला वाटू लागलं होतं.

रक्तदाब आणि साखर यांत त्याची बरीच वर्षं गेली होती. अलीकडे त्याने एका प्रशिक्षणात नाव घातलं होतं. औषधाच्या जोडीला श्वास, झोप, आहार आणि स्वस्थता कशी द्यावी, हे तिथे डॉक्टरांना शिकवत. तासभराच्या उपचाराचे पैसे मोजू शकणाऱ्यांपुरतीच ही विद्या राहू नये, म्हणून यंदा गरीब वस्त्यांतले रुग्णही प्रत्येकाला वाटून दिले होते. प्रशिक्षण चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणत, "श्वासाला कुणी भाडं आकारत नाही." हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. ताईंना त्याने तेच तर दिलं होतं: जमिनीवर आडवं व्हायचं, दार-खिडकी लावायची, आवाज नको, वाऱ्याची झुळूकसुद्धा नको, आणि सावकाश, पोटापर्यंत खोल श्वास.

दुखणं वाढलं तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "मन विरोध करतंय. वेळ वाढवा." त्यांनी वाढवला. दुखणंही वाढलं. "अजून थोडा वाढवा." मग एक दिवस ताईंच्या हातून तापलेली इस्त्री पडली, आणि ती पडल्याचंच त्यांना आठवेना. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांपुढे एक काळा डाग तरळत होता. मेंदूत काही वाढत असलं तर? आपण त्याच्यावर श्वासाची चादर अंथरून मोकळे झालो असलो तर?

प्रशिक्षणाचा एक विचित्र दंडक होता. कुठलाही सल्ला वाढवण्याआधी डॉक्टरने तो रुग्णाच्या राहत्या जागी, रुग्णासोबत, एकदा स्वतः पाळायचा. बागेतल्या घरांमध्ये राहणाऱ्या रुग्णांकडे तो हौसेने जाऊन आला होता. इथे यायला मात्र त्याला सवड झाली नव्हती.

"या, या! देव नाही तर देवाचा माणूस तरी उतरला खाली," ताईंची थोरली नणंद दारातच म्हणाली. तिच्या मांडीवर बटणं लावायचे शर्ट होते. "तुमच्या त्या मौनापायी मी रोज दुपारी घराबाहेर! हिचं ध्यान, माझा वनवास."

"वन्सं, पुरे की," ताई आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. खोली तर एकच होती.

"पुरे काय? असा श्वास घेऊन घेऊन एक दिवस श्वासच सोडशील, म्हणते मी. डॉक्टर, जेवत नाही ती. भिंतीला धरून चालते. वर मलाच सांगते, माझंच चुकतंय, मला नीट जमत नाही."

"जमतंय ताई, उत्तम जमतंय," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला आपल्या आवाजातला पोकळपणा ऐकू आला. त्याने त्यांच्या डोळ्यांत बत्तीचा उजेड टाकला, हातापायांतली ताकद तपासली. डाग असल्याची एकही खूण सापडली नाही. पण दिलासा वाटण्याऐवजी भीती बिनघरची झाली आणि खोलीभर हिंडू लागली.

"मध्येच हाक मारली तर दार उघडायचं नाही ना?" नणंदेने विचारलं. "तुम्हीच सांगितलंय. मन पळवाटा शोधतं म्हणून."

"हो. वेळ होईपर्यंत नाही."

दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं. ते लावून नणंद स्टूल टेकवून त्याला पाठ लावून बसली. ताईंनी आतून उंबऱ्याच्या फटीत जुनी साडी कोंबली, काचेच्या कडेला चिंध्या दाबल्या. इतक्या निगुतीने, जणू एखाद्या आजाऱ्याला पांघरूण घालावं. मग दोघं जमिनीवर आडवी झाली.

श्वास आत. श्वास बाहेर.

भिंतीपलीकडे कुणीतरी काहीतरी खरवडत होतं. लाकडावरून पातं ओढल्याचा, मध्येच थांबणारा आवाज. हवेत गोडसर वास होता. उपचारगृहांत असे वास असतातच, त्याने मनाशी म्हटलं, आणि तो वास खोलवर घेतला. काचेबाहेरून एक पाऊल गेलं, दुसरं थबकलं, तेही गेलं. कपाळ जड झालं. जिभेवर धातूची चव आली. ताईंचा श्वास त्याच्या शेजारी लांब, अधिक लांब होत गेला, आणि त्याला वाटलं, किती छान साधलंय यांना.

मग भीती ओसरू लागली. इतके दिवस छातीला चिकटलेली भीती कोमट पाण्यासारखी पाझरून निघाली. मागे उरला तो गुळगुळीत, निर्विकार विसावा. नेमका तोच त्याला भयंकर वाटला. घाबरायचं कारण तर जागच्या जागीच होतं. मग ही भीती कोण काढून नेतंय?

पायऱ्यांच्या तोंडाशी भिंतीला टेकलेली जुनी दारं त्याला आठवली. अर्धी रंगीत, अर्धी सोललेली. शेजारी जुन्या सामानाचा रंग उतरवण्याचा कारखाना होता. रंग उतरवायच्या द्रावणाची वाफ गोड वासाची असते, हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते आणि जमिनीवर पाण्यासारखी साचते. अंगात गेली की बंद खोलीतल्या शेगडीतून निघतो तोच विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, शरीर आपल्याच हाताने तयार करतं. हे सगळं त्याला शिकवलेलं होतं. कधीतरी, दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकात.

"ताई."

उत्तर नाही. त्याने त्यांचा खांदा हलवला. मान दुसरीकडे कलली.

तो धडपडत उठला. उंबऱ्यातली साडी उपसून त्याने दारावर हात आपटले.

"उघडा! दार उघडा!"

"अजून वेळ व्हायचाय, डॉक्टर!" बाहेरून हसू आलं. "माझी परीक्षा घेताय होय? मी काही फसायची नाही."

"अहो, उघडा! ताई उठत नाहीत!"

"तीही तस्संच म्हणते पहिल्या दिवसापासून. उघडा वन्सं, गुदमरतंय. तुम्हीच म्हणाला होतात, लक्ष देऊ नका."

त्याने खांद्याने दार ढकललं. पलीकडे ते प्रामाणिक वजन पाठ लावून बसलं होतं. हे वजन आपणच तिथे बसवलं, हे कळताच त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्यात शब्द नव्हते. तो ऐकून स्टूल कोसळलं, बटणं पायऱ्यांवरून टपटपत खाली आली आणि दार उघडलं.

"अगं बाई! काय केलंत हो तिचं!"

दोघांनी ताईंना पायऱ्यांवरून ओढत वर नेलं. उजेडात त्यांचे ओठ नको तितके गुलाबी दिसत होते. रस्त्यावरच्या कुणीतरी गाडी थांबवली. वाटेत त्यांनी डोळे किलकिले केले आणि ओशाळून म्हणाल्या, "मध्येच सुटलं का? पुन्हा करते."

रुग्णालयात प्राणवायूचा मुखवटा लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई रक्ताचा अहवाल पाहून म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर गेल्याच होत्या. आता सावरतील, डोकं दुखायचंही थांबेल, मात्र त्या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही.

मोठ्या बाई धावत आल्या. सगळं ऐकून भिंतीशी उभ्या राहिल्या. "कारखान्याची तक्रार करू," त्या अखेर म्हणाल्या. "आणि प्रशिक्षणात हे शिकवायलाच हवं. आधी हवा विचारायची, मग श्वास."

"शिकवा की," नणंद म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पण धार तशीच होती. "खोली सोडा म्हणता, सोडली. आता पुढचा उपचार सांगा. हिला घेऊन मी जाऊ कुठे?"

डॉक्टरने मोठ्या बाईंकडे पाहिलं. प्रशिक्षणाच्या इमारतीत एक प्रशस्त उपचारदालन होतं. मऊ गाद्या, गाळलेली हवा. तासाच्या हिशेबाने लोक तिथे स्वस्थ पडायला येत.

"दालन," तो म्हणाला.

"तिथे सकाळपासून रुग्ण असतात."

"मग या कोण आहेत, बाई?"

मोठ्या बाईंनी पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग जुडग्यातून एक किल्ली सोडवून त्यांनी नणंदेच्या हातावर ठेवली. "सध्या तिथे राहा. दार आतून घट्ट लागतं, काळजी नको."

खाटेवरून ताईंचा हात वर आला. मुखवटा बाजूला सारून त्या पुटपुटल्या, "लावू नका. दार उघडंच राहू द्या."

"राहील गं, उघडंच राहील. मी बसते दारात," नणंद म्हणाली. किल्ली मुठीत आवळून ती मोठ्या बाईंकडे वळली. "सध्याचं झालं. आणि त्यानंतर?"

मोठ्या बाईंनी जुडगा परत पिशवीत ठेवला. डॉक्टर ताईंच्या चेहऱ्यावरच्या मुखवट्याकडे पाहत राहिला. त्याच्यावर वाफ धरत होती, विरत होती. प्रत्येक वेळी ती विरली की त्याला वाटे, आता पुढची धरायची नाही. ती धरेपर्यंत त्याचा स्वतःचा श्वास गळ्याशीच थांबून राही, खाली उतरायला धजत नसे.