घासलेलं नाणं

मी नाणं बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, मला खोटं म्हणालात तर माझं डोकं फिरतं.

टांकसाळीत आम्हा सगळ्यांच्या कडेला बारीक खाचा पाडतात. माझ्या वेळेला यंत्र अडलं की त्यावरचा गडी डुलकी काढत होता, देव जाणे. मी गुळगुळीतच बाहेर पडलो. तेवढ्यावरून जन्मभर छळ! दुकानदार कडेवरून नख फिरवायचा आणि म्हणायचा, "हे चालायचं नाही, दुसरं द्या." अरे, तुझं टक्कल गुळगुळीत आहे, ते चालतंच ना सगळ्यांना?

फिरत फिरत बँकेच्या थैलीत पडलो. तिथून एका शिंप्यानं मला घरी नेलं. हा बाबा नोटा देऊन चिल्लर आणायचा, चादरीवर ओतायचा, जुनं-दुर्मिळ काही निघतंय का ते भिंगातून बघायचा आणि उरलेली चिल्लर परत बँकेत भरायचा. कॅशियर हात जोडायचा, "मास्तर, माझ्या बोटांची दया करा हो!"

शिंपीण त्याहून तिखट. "लोकांचे नवरे बँकेतून पैसे आणतात, माझा ओझं आणतो. ही शेवटची थैली. ह्यातलं काही विकलं गेलं तर ठीक, नाहीतर हा धंदा बंद. भिंग मला द्यायचं, धान्य निवडायला."

थैली संपत आली तसं शिंप्याचं तोंड उतरलं. मग मी हाताला लागलो. त्यानं कडेवरून नख फिरवलं. म्हटलं, झालं, हाही फेकणार. तर गडी ओरडलाच, "अगं ए, चुकलेलं नाणं! जुन्या नाण्यांचा व्यापारी अशाला चांगले पैसे देतो!"

माझी खोड पहिल्यांदाच कुणाला गोड वाटली.

सकाळी तो दाढी करत होता, तेवढ्यात तिनं मला उचललं. "एवढ्या मोठ्या दुकानात काय काळं तोंड घेऊन जायचं?" म्हणत लिंबू आणि राख लावून असं घासलं, असं घासलं, की सालटं निघायची बाकी राहिली. बाईचा हात आहे की कानस!

व्यापाऱ्यानं मला बघून कपाळाला हात लावला. "अहो, तो काळेपणाच तर आम्ही विकत घेतो! कुणी दाखवलं हे शहाणपण? मी नाही घेणार हे."

शिंपीण खाली बघायला लागली.

"मीच घासलं," शिंपी म्हणाला. "अक्कल चरायला गेली होती."

रस्त्यानं ती हळूच म्हणाली, "अहो, पुढच्या थैलीतल्याला मी नाही घासणार."

"पुढची थैली?"

"मग? बँक काय बुडालीय?"

आता मी शिवणयंत्राच्या खणात गुंड्यांबरोबर पडून असतो. चकचकीत आणि बिनकामाचा. वर चादरीपाशी दोघं भांडत असतात, कारण भिंग एकच आहे.

तुम्हाला कधी माझा एखादा भाऊबंद सापडला, तर खुशाल जीव लावा. फक्त लिंबाचं सरबत करून प्या.