एका हाकेचा अख्खा धक्का

मित्रांनो, मी फीत जोडायचा एक जुना ठोकळा आहे. बोटभर लांब, अ‍ॅल्युमिनियमचा. माझ्या अंगावर एक सरळ खाच आहे आणि तिला छेदणारी एक तिरकी चीर. ध्वनिफीत खाचेत बसवायची, चिरेतून पातं फिरवायचं, टोकं भिडवून वर चिकटपट्टी लावायची. काप तिरका असला की सांधा कानाला कळत नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि १९६५ साली मी सॅन फ्रान्सिस्कोला व्हर्नाकडे आलो. व्हर्ना संगीत रचायची, पण वाद्यांवर नव्हे, फितीच्या तुकड्यांवर. बंदराच्या धक्क्यावर खेकडे विकणारे अगोस्तिनो क्रिव्हेलो म्हातारे झाले होते. घसा बिघडल्यामुळे दुकान बंद करायच्या दिवशी त्यांनी शेवटची हाक दिली, "खेकडे घ्या, जिवंत खेकडे!" ती व्हर्नाने फितीवर टिपली. मग तिची आणखी एक प्रत काढली आणि माझ्या अंगावर प्रत्येक फितीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून दोन सारखी गोल कडी केली. दोन यंत्रांवर ती गोल गोल फिरायची आणि एकच हाक न थांबता येत राहायची.

अगोस्तिनो कुरकुरले, "पोरी, डॉक्टरनं मला ओरडायला बंदी केलीय, आणि तू मला दिवसभर ओरडायला लावतेस!"

"तुम्ही नुसतं बसा हो काका, ओरडायचं काम यंत्राचं," व्हर्ना हसून म्हणाली.

रविवारी दुपारी एका सभागृहात व्हर्नाचा कार्यक्रम झाला. दोन्ही हाका एकसुरात चालल्या होत्या, तेवढ्यात एका यंत्राने फीत चावली. कर्रर्र! लोक हसले. व्हर्नाने मला टेबलावर घेतलं, चुरगळलेला तुकडा कापला आणि मिनिटभरात कडं पुन्हा जोडलं.

"अगं, माझा 'जि' कुठं गेला?" अगोस्तिनो पहिल्या रांगेतून ओरडले. खरंच, एका यंत्रावर आता 'वंत खेकडे' ऐकू येत होतं!

पण ते कडं आखूड झालं होतं ना! प्रत्येक फेरीला ते थोडं पुढे सरकू लागलं. एकाच्या 'घ्या'वर दुसऱ्याचे 'खेकडे' येऊन पडले. हाकेत हाक मिसळली आणि दोनाच्या जणू वीस हाका झाल्या. मघाशी हसलेले लोक पुढे झुकून ऐकू लागले.

अगोस्तिनो शेजारी बसलेल्या बायकोला पुटपुटले, "रोझालिया, ऐकतेस ना? बेप्पे, निनो, लंगडा तूरी... आपले जुने खेकडेवाले सगळे परत आलेत गं धक्क्यावर!"

"बसा खाली, घसा जाईल," बायकोने त्यांची बाही ओढली. ते कसले बसतात! खरखरीत आवाजात त्यांनी स्वतःच एक हाक ठोकली. त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या त्याच हाकेला पडल्या. व्हर्नाने ते आखूड कडं पुन्हा कधीच लांब केलं नाही.

पुढे संगणक आले आणि मी खणात गेलो. काही वर्षं कागदांवर वजन म्हणूनही बसलो. तक्रार नाही. एवढंच सांगतो मित्रांनो, जुन्या फिती हाती लागल्या तर फेकू नका. सांध्यांचा गोंद वाळतो, चिकटपट्टी सुटते. कोरड्या फडक्याने माझी खाच पुसा, नवं पातं घ्या आणि सांधा पुन्हा नीट जोडा. आत कोण हाक मारतंय, ते जोडल्याशिवाय कळायचं नाही.